चिमणीच्या वावरातली रेल्वे

आज सकाळी खिडकी उघडली आणि शिजलेल्या हळदीचा वास आत आला. उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर, त्याच्या पाठोपाठ ओल्या मातीचा, आणि शेवटी घशाला हलकेच लागणारा औषधी. शेजारच्या वावरात बॉयलर पेटला होता. दोन-चार दिवसांत आमच्याकडेही पेटेल. मग महिनाभर डोंगरकड्याच्या आसपासच्या सगळ्या गावांमध्ये माणसांचे तळहात पिवळे, मोबाइलच्या काचा पिवळ्या, अंगणात झोपणाऱ्या कुत्र्यांच्या पाठी पिवळ्या. हळदीच्या वासाने कुणाला लग्न आठवतं, कुणाला दुखलं-खुपलं. मला स्लीपरं आठवतात. रुळांखालची, एकामागे एक, ठरावीक अंतरावर आडवी झोपलेली स्लीपरं.

दोन वर्षांपूर्वीचा हळदीचा हंगाम होता तो. माझं इंजिनिअरिंग संपलं होतं आणि मी नांदेडहून घरी आले होते. गावात कुणी सरळ विचारत नाही, पोरगी आता काय करते म्हणून. दूध घ्यायला आलेली बाई दूध घेऊन झाल्यावरही दारात उभी राहते, एवढंच. मी खिडकीच्या आत असायचे आणि ती मला दिसायची. मला बोलणं जमत नाही, बघणं मात्र जमतं. लहानपणापासून हिंगोलीच्या इंग्लिश मीडियम शाळेत गेले. त्यामुळे गावात मी इंग्रजीवाली, आणि शाळेत खेड्यातून येणारी. दोन्हीकडे गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं.

शाळेच्या बसला वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. फाटक बंद असलं की मुलं ओरडायची, ड्रायव्हर खाली उतरून पुडी फोडायचा, आणि मी खिडकीतून रूळ बघायचे. गाडीत मला फारसा रस नव्हता. गाडी यायची, आवाज करायची, जायची. ती गेल्यावर मागे जे उरायचं ते मला आवडायचं. दोन रूळ लांब जाऊन एकमेकांना चिकटल्यासारखे दिसणार, आणि त्यांच्याखाली स्लीपरं, अंतर न मोडता, जणू कुणीतरी श्वास मोजून ठेवलेली. बस हलली की ती सगळी एकदम फिरायची आणि मिटायची. पंख्याच्या पात्यांसारखी.

कॉलेजात असताना कळलं, जगात अशीही माणसं आहेत जी मोठी झाल्यावर छोटी रेल्वे बांधतात. खेळण्यातली नव्हे. खऱ्या स्टेशनाचा नकाशा घेऊन, सगळी मापं सारख्या प्रमाणात कमी करून, फळ्यांवर उभी केलेली. त्यांचा इंटरनेटवर एक गट होता. मी त्यात नावाची फक्त दोन अक्षरं लिहून शिरले आणि लोकांच्या नकाशांमधल्या चुका दाखवायला लागले. इंग्रजीत, आणि तेही लिहून, मी फार धीट होते. कुणाच्या वळणावर गाडी घसरेल, कुणाचा रूळ बदलायचा सांधा चुकीच्या बाजूला उघडतो, कुणाची स्लीपरं खऱ्या लाइनच्या मानाने फार दाट झालीत. बाहेरच्या देशातून येणारे तयार रूळ विकत घेतले की हमखास असंच होतं. गाडी आपली, डबे आपले, आणि खालची जमीन परक्या मुलखाची.

त्या गटात अकोल्याच्या एक डॉक्टर होत्या. दवाखाना मुलाला देऊन मोकळ्या झालेल्या. त्यांनी लिहिलं, पूर्णा-अकोला लाइन छोटी, मीटर गेजची होती तेव्हा मी माहेरी त्याच गाडीने जायचे. वसमत आणि हिंगोलीच्या मधलं एक लहान स्टेशन मला माझ्या घरात हवंय. आजवर दोघांनी करून दिलं, दोन्ही खेळणी दिसतात. सर, तुम्ही कराल का?

सर म्हणजे मी. मी दुरुस्ती केली नाही. करते, एवढंच लिहिलं.

आमच्या ओसरीच्या उजव्या हाताला एक लांबट खोली आहे. तिथे हळदीचे कट्टे, म्हणजे पोती, लागतात. भाव येईपर्यंत राहतात आणि मग खोली पुढच्या हंगामापर्यंत पालींची. मी तिथे चार पिंपांवर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या. पप्पा दारात येऊन बघून गेले, परत आले.

"हे कवर राहणार?"

"महिनाभर."

"महिन्यानं हळद आत येती. कट्टे काय तुझ्या रेल्वेत भरून ठेवू?"

पप्पा चिडले की आवाज चढवत नाहीत, उलट हिशोबी होतात. ते उंबऱ्यावर बसले.

"हे बघ. त्या डॉक्टर बाईला पसंत पडलं तर तू म्हणशील तसं. न्हाई पडलं तर नांदेडला बँकेच्या परीक्षेचा क्लास. मंग तोंड पाडून बसायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द ऐकून त्यांनाच हसू आलं.

तर एवढंच होतं. एका बाजूला हळद वाळत चालली होती, दुसऱ्या बाजूला मी. अंगणभर पसरलेली हळकुंडं दुपारी वाजायची. उन्हाने आखडताना त्यांचा एकमेकांवर टिकटिक आवाज होतो. तो आवाज जितका कोरडा होत जाई तितके माझे दिवस कमी होत. वाळली की पॉलिशचा ढोल, ढोल झाला की कट्टे, कट्टे आले की फळ्या बाहेर.

डॉक्टरांनी पाठवलेल्या जुन्या फोटोंवरून नकाशा मी आधीच कॉम्प्युटरवर काढला होता. आज तो मला गँगमनसारखा पाठ आहे. मुख्य लाइन, समोरच्या गाडीला वाट द्यायला एक बाजूची लाइन, म्हणजे लूप, कापसाच्या गाठी चढवायला एक आखूड मालधक्का. खऱ्या स्टेशनात दिखाऊ असं काही नसतं, म्हणून ते नकाशात उतरवणं अवघड. हात शिवशिवतो. इथे एक बोगदा टाकावा, तिथे एक पूल. मी सगळं खोडलं. सपाट काळी जमीन, एक कडुलिंब, एक लांब सरळ लाइन आणि शेवटी अगदी हलकं वळण. कंटाळवाणं म्हणाल तर कंटाळवाणं. आमचा जिल्हा असाच आहे आणि मला तो तसाच दिसायला हवा होता.

पण खरा घोळ स्लीपरांचा. कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्यात स्लीपर सारख्या अंतरावर टाकतो आणि तुकडा संपला की नव्याने सुरुवात करतो. मग दोन तुकड्यांच्या जोडावर कुठे अर्धं अंतर उरतं, कुठे स्लीपरवर स्लीपर चढतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, फक्त गाडी खोटी वाटते. कुर्त्याच्या शिवणीवर डिझाइन जुळलं नाही की वाटते तशी. मी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतची लांबी एकच धरली आणि शेवटी उरलेलं अंतर सगळ्यांत वाटून टाकलं. प्रत्येकाच्या वाट्याला केसाएवढं. शेतात असं करावं लागत नाही. शेतात उरलेलं अंतर धुऱ्याला, म्हणजे बांधाला जातं, तिथे गवत उगवतं, कुणी विचारत नाही. लाइनला धुरा नसतो. तिथे उरलेलं सगळं आतच जिरवावं लागतं.

धुरा आठवला तसं बाकीचंही आठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी मी घरी असायचे आणि सरकी लावायच्या वेळी दोरीचं एक टोक माझ्या हातात द्यायचे. लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या. एक टोक या धुऱ्याला, दुसरं त्या. बाया दोरीशेजारून वाकून चालायच्या आणि प्रत्येक चिंधीपाशी सरकीचे दाणे मातीत दाबायच्या. मग "चला" अशी हाक, आणि दोरी एक तास, म्हणजे एक ओळ, पुढे. उगवण झाली की खरी परीक्षा असते. गावातली माणसं जाता जाता धुऱ्यावर उकिडवी बसतात, एक डोळा मिटतात आणि तास बघतात. चांगलं असेल तर कुणी काही बोलत नाही, तंबाखू मळून पुढे जातात. वाकडं असेल तर मात्र त्या वावराला नाव पडतं. आमच्या गावात सापाचं वावर म्हणून एक शेत आहे. तिथे साप कुणी पाहिलेला नाही. कुणाच्या तरी आज्याने एकदा नागमोडी पेरलं होतं.

छापलेला नकाशा झेरॉक्सवाल्याकडून कधीच मापात येत नव्हता. म्हणून मी फळीवर रुळाची मधली रेघ तेवढी आखली आणि सुताच्या दोऱ्याला गाठी मारल्या. दर नऊ मिलिमीटरला एक. रेघेवर टाचण्यांनी दोरा ताणायचा, गाठीपाशी पातळ डिंकाचा थेंब सोडायचा, सुताराकडून आणलेल्या पट्ट्यांचं स्लीपर चिमट्याने तिथे आडवं ठेवायचं. वळणावरही दोरा टाचण्यांच्या आधाराने वळायचा. माझी मान दुखायची, पण आतून काहीतरी गात असायचं.

काकू, म्हणजे माझी चुलती, हळद शिजवणाऱ्या बायांची मुकादम. तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून असतं. एके दुपारी पाणी प्यायला म्हणून आली आणि पदराने मान पुसत माझ्यामागे उभी राहिली.

"काय करून राहिली गं?"

"स्लीपर लावतेय, काकू."

तिने दोरा पाहिला, गाठी पाहिल्या. 

"एवढी शाळा शिकवली बापानं," ती म्हणाली, "आन् ही बसली चिमणीच्या वावरात सरकी लावत."

बाहेर जाऊन तिने ते बायांना सांगितलं. हसण्याची लाट खोलीपर्यंत आली. मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, इतक्या दिवसांत मी काय करते हे पहिल्यांदा कुणाला तरी कळलंय.

मी दोन्ही टोकांकडून काम करत होते, म्हणजे कंटाळा विभागला जातो. डॉक्टर औंढ्याला दर्शनाला येणार होत्या, तिथून रविवारी आमच्याकडे. त्याच्या आधीच्या बुधवारी दोन्ही टोकं प्लॅटफॉर्मपाशी भेटली आणि जुळली नाहीत. मध्ये जागा उरली. एक स्लीपर घातलं तर ढिलं, दोन घातली तर दाटी. मी खाली वाकले, गाल फळीला टेकवला, एक डोळा मिटला आणि लाइन बघितली.

टोकाला अंतर बरोबर होतं. मग जसजशी नजर आत गेली तसतशी स्लीपरं एकमेकांच्या जवळ सरकत गेली होती, चोरासारखी, एकदाही पाऊल न वाजवता. एकेक बघितलं तर काही नाही. ओळीने बघितलं तर लाइन दम लागून आखडल्यासारखी.

मी दोरा काढून पट्टीला लावला. नवा होता तेव्हापेक्षा आखूड झाला होता. रोज डिंकाच्या पाण्यात भिजत होता, वाळत होता, पुन्हा भिजत होता. सूत भिजलं की आवळतं. शेतात दोरी धरलेल्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं; आमच्याकडची दोरी नायलॉनची होती, म्हणून कधी कळलंच नाही.

काकू तेवढ्यात आली. मी जमिनीवर बसले होते, मांडीवर दोरा. तिने तो चिमटीत धरला, ताणला आणि फिस्सकन हसली. हे हसणं नेहमीचं नव्हतं.

"मी नवी नवरी व्हते तवा," ती खाली बसत म्हणाली, "सासऱ्यानं सुती दोरी दिली व्हती. सकाळून भुरभुर पाऊस. मला कोन सांगणार? लावत गेले. उगवलं तर अर्धं रान मोकळं आन् अर्धं दाट. सासरा धुऱ्यावर बसला, बगितलं, आन् घरी यून मला म्हनला, सूनबाई, या बाजूच्या झाडायला थंडी वाजून राहिली का? एकमेकाला चिपकून बसलेत."

मी हसले. मग रडले. काकूने दोन्ही चालू दिलं.

"मग काय केलं?"

"काय करणार. उपटलं, आन् पुन्हा लावलं. दाणा उगवला म्हून काय त्याला वाकडा ठेवायचा?"

स्लीपर उपटायला गरम पाणी लागतं, नाही तर प्लायवूड सोलून निघतं. चुलीवर तेवढं पाणी तापवायला आईने साफ नकार दिला. पण शेजाऱ्यांची हळद अजून शिजत होती, त्यांच्या बॉयलरच्या पिंपांमधून हळद काढल्यावर खाली पिवळं, वाफाळतं पाणी निथळत होतं. काकूने बादली भरून आणली. मी फडक्याने ते पाणी लाइनवर दाबत गेले आणि स्लीपरं सुटत गेली. फळी पिवळी झाली, बोटं पिवळी झाली, खोलीत हळदीचा दर्प कोंदला. दारात चार-पाच बाया जमल्या.

"घ्या," काकू त्यांना म्हणाली, "पोरीच्या आदी रेल्वेलाच हळद लागली."

या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसले, आवाज करून.

दुसरा दोरा नायलॉनचा, मासे पकडायच्या गळाचा. त्यावर गाठ बसत नाही, म्हणून काळ्या शाईच्या खुणा, जुने फोटो पुन्हा मोजून केलेल्या. आता एकाच टोकाकडून निघाले. मान दुखत नव्हती की कळत नव्हतं, माहीत नाही. बाहेर ढोल सुरू झाला होता. हळकुंडं आत घुसळून चकचकीत होत होती आणि त्या खडखडाटाला एक चाल होती. त्या चालीवर मी खूण, डिंक, स्लीपर, खूण, डिंक, स्लीपर असं करत प्लॅटफॉर्म ओलांडला, सांध्यापाशी पोचले, तिथली लांब स्लीपरं पंख्यासारखी उघडत नेली आणि पुन्हा मिटवली. वळण घेतलं. शेवटचं स्लीपर बसलं तेव्हा ढोल थांबला. योगायोग असेल. मला तो माझ्यासाठी थांबल्यासारखा वाटला.

मग रूळ चढले, खडी चढली, पिवळी फळी काळ्या मातीखाली गेली.

रविवारी गाडी दारात थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवत डॉक्टर उतरल्या. पांढरे आखूड केस, पायात स्पोर्ट्स शूज. त्याच वेळी कट्ट्यांनी भरलेला ट्रॅक्टर अंगणात उभा होता; पप्पांनी हमालांना थांबवून ठेवलं होतं.

"नमस्कार," डॉक्टर पप्पांना म्हणाल्या. "आमचे सर कुठे आहेत?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही सांगितलं असतं तर चाललं असतं. आजवर पाहुण्यांपुढे माझं सगळं तेच सांगत आले होते. ते एक पाऊल मागे सरकले.

"मीच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग 'सर' काहून चालू दिलं इतके दिवस?"

"तुम्ही काम बघावं म्हणून."

"दाखव," त्या म्हणाल्या.

खोलीत गेल्यावर त्यांनी नमस्कार-चमत्कार, चहा, सगळं हाताने बाजूला सारलं. एक रिकामं पिंप उलटं करून त्यावर बसल्या, हनुवटी फळीच्या कडेला टेकवली आणि एक डोळा मिटला. काकू दारात. पप्पा तिच्यामागे. 

"इथे," डॉक्टरांचं बोट लाइनवरून सरकत एका जागी थांबलं. "इथे दोन स्लीपरं जवळ आलीत. पुढे पुन्हा. पुन्हा. चुकलीस?"

पप्पांनी मान खाली घातली. मला ते दिसलं.

"नाही," मी म्हणाले, आणि मग थांबताच आलं नाही. "तिथे दोन रुळांचा जोड आहे. जोडावर चाक आदळतं, तिथे आधार जास्त लागतो. तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोंमध्ये दर रुळाच्या टोकाला स्लीपरं अशीच जवळ आलीत. आधी मला वाटलं कॅमेऱ्यामुळे तसं दिसतं. मग सगळे फोटो मोठे करून मोजले. आता नव्या लाइनला असं नाही, तिथे रूळ जोडून एकच करतात. पण तुमची लाइन जुनी आहे. सारखं अंतर म्हणजे सगळीकडे एकच अंतर नाही. जिथे जवळ यायचं तिथेही दर वेळी सारखंच जवळ यायला हवं. म्हणून मी खुणाच तशा केल्या."

एवढं मी मराठीत, लोकांसमोर, एका दमात त्याआधी कधी बोलले नव्हते. माझा मलाच आवाज नवा वाटला.

डॉक्टरांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं छोटं इंजिन काढलं, मागे दोन डबे जोडले आणि तारा लावल्या. गाडी निघाली. लूप सोडला, सांधा ओलांडला, लिंबाखालून गेली. जोडांवर चाकं अगदी बारीक आवाजात वाजत होती, टिकटिक, टिकटिक. वळणावर ती जरा कलली आणि डॉक्टरांचा हात आपोआप पिंपाच्या कडेवर घट्ट झाला, डब्यात बसल्यासारखा.

"हे वळण," त्या म्हणाल्या. "इथूनच गाडीच्या खिडकीतून प्लॅटफॉर्मवरची आई दिसायची." मग गाडी थांबवून, "बाकीच्यांनी सगळं सारखं लावलं होतं. त्यामुळेच ते खेळणं दिसे. मला इतके दिवस सांगता येत नव्हतं, काय कमी आहे ते."

काकू पुढे आली आणि तिने वाकून, एक डोळा मिटून, लाइन बघितली. सरळ झाली. काही बोलली नाही. पदराच्या गाठीतून सुपारी काढून तोंडात टाकली.

"याच्या पुढचंही स्टेशन करशील?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि त्याच्या पुढचं? माझ्याकडे हॉल रिकामाच आहे. कधी देतेस?"

"तिचा क्लास..." पप्पा सवयीने म्हणायला लागले आणि थांबले.

"सोयाबीन निघायच्या आधी एक," मी म्हणाले. "दुसरं पुढच्या हळदीला. पण मला ही खोली लागेल. पूर्ण."

बाहेर हमाल कंटाळून ट्रॅक्टरच्या चाकाला टेकले होते. एकाने विचारलं, "मालक, कट्टे कुठं लावायचे?"

पप्पा खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी आत गाडी बघितली, बाहेर वर्षभराची हळद बघितली. मग ट्रॅक्टरकडे वळले.

"गोठ्यात लावा," ते म्हणाले. "म्हशी बाहेर बांधू. ही खोली पोरीची हाय."

यंदा बॉयलर पेटला की हळद मागच्या नव्या पत्र्याच्या शेडमध्ये जाईल. म्हशी त्यांच्या गोठ्यात आहेत. आणि खोलीत, या क्षणी, चौथं स्टेशन मांडलंय, त्याच्या लांब सरळ लाइनचं पहिलं स्लीपर मी आज लावणार आहे.